आभाराचा ठराव

संतोष गांगुर्डेला आफ्रिकेबद्दल काही विचारायचं नाही, असा त्याच्या घरात न बोलता पाळला जाणारा नियम होता. विचारलं की तो कप खाली ठेवी, चष्मा कपाळावर चढवी आणि गॅसवरचं वरण करपेपर्यंत बोले. बायको उज्वला हा नियम कधीच मोडत नसे. पाहुण्यांपैकी कुणी मोडला तर ती उठून मिक्सर लावी. मिक्सरपुढे टांझानिया टिकत नाही, हे तिला अनुभवानं कळलं होतं.

संतोष मूळचा चांदवडकडच्या खेड्यातला. दोघं भाऊ. थोरला भिकन दहावीनंतर कांद्याच्या व्यापारात शिरला आणि बघता बघता भिकनशेठ झाला. धाकटा पुस्तकांत शिरला आणि संतोषच राहिला. इतिहासात एम.ए. झाल्यावर भिकननंच एका संस्थेत शब्द टाकून त्याला नाशिकरोडच्या ज्युनिअर कॉलेजात चिकटवलं. तुकडी विनाअनुदानित. अनुदान या अधिवेशनात येईल, पुढच्या अधिवेशनात येईल, असं म्हणता म्हणता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या. स्टाफरूममधले लोक चिडवत, "गांगुर्डे सर, परदेशी मदत आफ्रिकेत का मुरली ते नंतर बघा. सरकारी मदत जेलरोडच्या आपल्या कॉलेजात का पोचत नाही, त्याच्यावर करा पीएच.डी."

संतोष हसे आणि पुन्हा कागदात डोकं घाली.

विषय त्यानं स्वतः निवडला होता. गाईड म्हणाले होते, नाशिक जिल्ह्यातलं काहीतरी घ्या, कागद हाताशी मिळतील, तीन-चार वर्षांत मोकळे व्हाल. यानं घेतलं स्वातंत्र्यानंतरच्या टांझानियातलं परकीय मदतीचं राजकारण. का, ते तो कुणाला नीट सांगू शकत नसे. उज्वलाला एकदा सांगितलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात, जेव्हा ती ऐकत असे. त्याच्या गावात शाळेसमोर एक कोनशिला होती. कुणा साहेबांच्या हस्ते कसल्याशा पाणी योजनेचं भूमिपूजन. योजना काही आली नाही; पोरं त्या शिळेवर बसून डबा खात. कॉलेजात गेल्यावर कुठल्यातरी अहवालात त्यानं तशाच एका शिळेचा फोटो पाहिला. शेजारी उघडी पोरं बसलेली. खाली लिहिलं होतं, पूर्व आफ्रिका. "मला वाटलं, आपलीच शाळा आहे," तो म्हणाला होता.

तो कधी आफ्रिकेत गेला नाही. मुंबईच्या विमानतळापर्यंतसुद्धा नाही. दार-ए-सलामच्या एका ग्रंथपालाशी त्याची ई-मेलवर ओळख झाली होती. तो बिचारा वेळ मिळेल तसा जुन्या कागदांचे फोटो काढून पाठवी. त्यातले काही स्वाहिली भाषेत, म्हणून पन्नाशीला टेकलेला हा माणूस मोबाइलवर स्वाहिली शिकू लागला. सकाळी चहा दिला की म्हणायचा, "असांते." म्हणजे आभार. उज्वला म्हणे, "असांते राहू द्या, दूध आणा."

तरी तिनं त्याच्यासाठी कमी केलं नव्हतं. शाळेच्या ऑफिसात दिवसभर बोनाफाइड आणि दाखले लिहून घरी आल्यावर सगळं घर ती एकटी ओढी. बाल्कनीला स्लायडिंग खिडक्या लावून तिनं त्याला अभ्यासाला जागा करून दिली. वाळवणाच्या दोऱ्या जिन्यात गेल्या. लग्नकार्यांना ती एकटी जाई आणि सांगे, "त्यांचं लिखाण चाललंय." मुलगी आरोही लहान असताना तिनं तिला दार न वाजवता जायला शिकवलं होतं. त्यानं लिहिलेलं एक पान मात्र तिनं वाचलं नव्हतं. तिच्या लेखी पीएच.डी. म्हणजे सिनिअर कॉलेजची जागा, आणि सिनिअर कॉलेजची जागा म्हणजे एकदाचं माणसासारखं जगणं. मधे टांझानिया होता, तो ओलांडायचा होता.

गेल्या हिवाळ्यात ती मेथी निवडत बसली होती आणि त्या दिवशी मिक्सर बिघडलेला. संतोष समोर येऊन बसला.

"एक गाव सापडलंय," तो म्हणाला. "डोंगराखालचं. वर झरा होता. गावाचं म्हणणं एवढंच की झऱ्यापासून खाली पाइप टाकून द्या. मदत देणारे म्हणाले, झरा नको, आम्ही विहीर, डिझेलचा पंप आणि टाकी देतो. टाकी बांधली. उद्घाटनाला परदेशातून पाहुणे यायचे होते, त्यांची तारीख ठरलेली. पंप काही तोवर आला नाही."

"मग?"

"मग काय. टाकीत डोक्यावरून घागरी नेऊन ओतल्या. पाहुण्यांनी तोटी सोडली, पाणी आलं, टाळ्या वाजल्या, पाटी लागली. कागदावर योजना पूर्ण. पूर्ण झालेल्या योजनेला पंप कोण पाठवणार?"

"पण लोकांनी सांगितलं नाही का, की पाणी नाही म्हणून?"

"सांगितलं ना. दर वर्षी ठराव करून कळवलं. पण ठरावात आधी आभार मानायचे. परदेशी पाहुण्यांचे, पक्षाचे, जिल्ह्याच्या साहेबांचे. मग खाली, पाणी नाही. वरचा साहेब आभारापर्यंतच वाचायचा."

उज्वलाला हसू आलं. "आपल्या भिकनदादांसारखंच. मागितली सायकल तर दिला पलंग."

तेव्हा तो केवढ्यानं हसला होता! त्यांच्या लग्नात भिकननं सागाचा डबलबेड दिला होता. तो दारातून आत येईना म्हणून खोलीची चौकट फोडावी लागली होती. संतोषला त्या वेळी कॉलेजला जायला सायकल हवी होती.

फेब्रुवारीत विद्यापीठात प्री-सबमिशन झालं. प्रबंध देण्याआधी समितीसमोर उभं राहून सगळं मांडायचं असतं. समितीला काम आवडलं. फक्त शेवटचं प्रकरण अपुरं होतं, मदत घेणारे लोक स्वतः काय म्हणत होते त्याचं. ग्रंथपालानं त्या गावाच्या सभांचे सगळे ठराव नुकतेच पाठवले होते; ते वाचून प्रकरण पुरं करायचं आणि जूनअखेर प्रबंध द्यायचा. त्यापुढे मुदतवाढ नव्हती, नोंदणीच रद्द होणार होती. संतोष घरी पेढे घेऊन आला. उज्वलानं देवापुढे ठेवले, आणि त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं की हे होईल.

त्याच रविवारी भिकन आला. पांढरा कडक शर्ट, गळ्यात साखळी, मागे दोन पोरं. कांद्याच्या जोडीला त्यानं जेलरोडला प्लॉटिंग सुरू केलं होतं आणि लांबत चाललेल्या महापालिका निवडणुका लागल्या की उभं राहायचं ठरवलं होतं.

"काय म्हणतीय तुझी आफ्रिका?"

"झालं दादा, एक प्रकरण राहिलंय. जूनमध्ये देतो."

"मंग झालंच की! एका प्रकरणानं काय व्हतंय. कांद्याचं शंभर कट्टं भरलं आन् एक राह्यलं म्हणून काय ट्रक भरला नाय म्हणायचं व्हय?"

"तसं नसतं दादा."

"तू गप. तुला तुझी किंमत कळंत नाय." भिकन पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात आला. "उज्वला, त्याचा एक चांगला फोटो दे मला. सूटातला. त्याला बोलू नको."

"कशाला दादा?"

"दे तर. आख्ख्या भावकीत पहिला डॉक्टर हे माझा भाऊ. लोकान्ला कळाया नको?"

तिला कळलं होतं कशाला ते. पुढे पुष्कळदा तिनं स्वतःला विचारलं, आणि दर वेळी हेच उत्तर आलं की कळलं होतं. पुतण्याच्या लग्नातला फोटो तिनं मोबाइलवर काढला. त्यात ती शेजारी उभी होती. तिनं स्वतःला कापून टाकलं आणि फोटो पाठवला.

दोन दिवसांत कॉलनीच्या वळणावर फ्लेक्स लागला, बसथांब्याहून उंच. 'आफ्रिका खंडावरील संशोधनाबद्दल पीएच.डी. ही सर्वोच्च पदवी प्राप्त केल्याबद्दल डॉ. संतोष कारभारी गांगुर्डे यांचे हार्दिक अभिनंदन.' शुभेच्छुकाच्या जागी भिकनचा हात जोडलेला फोटो, संतोषपेक्षा मोठा. फ्लेक्सवाल्यानं आपल्या मनानं मागे एक सिंह आणि दोन जिराफ टाकले होते. आणि संतोषच्या दंडाशी, कापायचा राहून गेलेला, हिरव्या बांगड्यांचा एक अर्धा हात.

संध्याकाळी संतोष स्कूटरवरून आला तो हेल्मेट न काढता घरात शिरला.

"फोटो कुणी दिला?"

उज्वला पोळी उलटत राहिली.

"उज्वला, प्रबंध दिलेला नाही अजून. पदवी नाही. डॉक्टर लिहिणं गुन्हा आहे हा."

"मी नाही लिहिलं. आणि मिळणारच आहे ना जूननंतर? चार महिने आधी लिहिलं म्हणून कोण फाशी देतंय तुम्हाला?"

"पप्पा," आरोही मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "जिराफ मस्त आलेत पण."

त्यानं भिकनला फोन लावला. पलीकडचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता. "काढू? अरे, रविवारी सत्कार ठिवलाय, हॉल घेतलाय, पाव्हणे सांगितलेत. आता काय तोंड दाखवू? मी काय माझ्यासाठी केलं का हे? तुला नोकरीला लावलं तव्हाबी तू असाच तोंड पाडून बसला व्हता..." संतोष बराच वेळ नुसता "हो दादा, हो दादा" म्हणत राहिला आणि मग फोन ठेवून बाल्कनीत गेला.

उज्वला मागोमाग गेली. "जाऊ द्या. तुम्ही जा, शाल घ्या, घरी या. एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे. त्यांचा हिरमोड कशाला?"

"मी तिथं खरं सांगणार," तो म्हणाला.

रविवारी हॉल भरला. कॉलनीतली माणसं, भावकी, चांदवडहून जीप करून आलेले लोक. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात गांगुर्डे सरांनी सिंहांच्या प्रदेशात जीव धोक्यात घालून केलेल्या संशोधनाचा गौरव केला. फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. कॉलेजचे दोघं-तिघं सर मागच्या रांगेत बसून मोबाइलवर फोटो काढत होते. मग भिकननं माइक संतोषच्या हातात दिला.

उज्वला पहिल्या रांगेत होती, मोरपंखी साडीत. तिच्या एका बाजूला भिकनची बायको, दुसऱ्या बाजूला तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना तिनं स्वतः आग्रहानं बोलावलं होतं. संतोषनं माइक धरला आणि तो तिच्याकडे पाहू लागला. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याच्या तोंडातलं पहिलं वाक्य ऐकण्याआधी कळतं. तो सांगणार होता. तिनं मान हलवली. कुणाला दिसणार नाही इतकीच, पाहुण्यांसमोर मुलांना गप्प करताना हलवतात तशी. नाही.

संतोषनं फेटा सावरला. मग म्हणाला, "मी आपल्या सगळ्यांचा आभारी आहे." आणि बसला. टाळ्या पडल्या. भिकनची बायको उज्वलाच्या कानाशी म्हणाली, "किती साधे हो भाऊजी. एवढं शिकून गर्व नाही."

पुढचं फार गाजावाजा न होता झालं. मागच्या रांगेतले फोटो सोमवारी प्राचार्यांच्या टेबलावर होते. सिनिअर कॉलेजच्या जागेवर संस्थेच्या कुणाचा तरी भाचा बसवायचा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता त्याला कारण मिळालं. पदवी नसताना उपाधी लावल्याबद्दल संतोषकडून लेखी खुलासा मागवला. त्यानं भावाचं नाव न घेता माफी लिहून दिली. फोटो गाईडकडेही पोचले होते. गाईड फोनवर चिडले नाहीत, हेच वाईट. "संतोष, माझं निवृत्तीचं वर्ष आहे," ते म्हणाले. "तू ते प्रकरण लिही, मी सही करेन. पण वर चौकशी झाली तर मला यात ओढू नकोस."

म्हणजे दार बंद झालं नव्हतं. उज्वला हे त्याला पुन्हा पुन्हा सांगे. अजून एप्रिल आहे. अजून मे आहे. सर सही करतो म्हणालेत. ती त्याला बाल्कनीत चहा नेऊन देई, लिंबू सरबत नेऊन देई. तिनं एक टेबलफॅन आणला. संतोष खुर्चीत बसलेला असे. समोर ठराव उघडे असत. पेन बंद असे.

"सुचत नाही का?"

"सुचायचं काय त्यात? झालंय ना सगळं."

कॉलनीत लोक त्याला डॉक्टरसाहेब म्हणत. सुरुवातीला तो दुरुस्त करी. "अजून नाही, अजून नाही" म्हणत हात हलवी. मग लोकांना वाटू लागलं की हा विनय आहे, आणि तेही कौतुकाचं झालं. त्यानं दुरुस्त करणं सोडलं. भाजीवाल्या सरुबाईसुद्धा म्हणायला लागल्या, "घ्या डॉक्टर, दोडका ताजा हे." तो दोडका घेई.

मेच्या अखेरीला गावी देवाचा कार्यक्रम होता. निवडणुका पुन्हा पुढे गेल्या होत्या. भिकनचं लक्ष आता कांद्यात होतं. वाड्यापुढच्या मोकळ्या जागेत उन्हाळ कांद्याचा ढीग घातलेला आणि त्याच्यावर तो फ्लेक्स पांघरलेला. सिंहाच्या तोंडावर दगड ठेवले होते, वाऱ्यानं उडू नये म्हणून. संतोषचा चेहरा वर आभाळाकडे, फेकलेल्या पाल्यानं अर्धा झाकलेला. उज्वलाचा हिरव्या बांगड्यांचा हात मात्र स्वच्छ दिसत होता.

तिनं घाईनं संतोषला दंडाला धरून दुसऱ्या बाजूला वळवलं. त्यानं पाहिलं होतंच.

"असू दे," तो म्हणाला. "कांदा तरी भिजणार नाही."

तेवढ्यात भिकन आला. "काय संतोष, लावली का मंग ती कागदं? जून आला."

"बघतो दादा."

"बघू नको, दे. नायतर लोक म्हंतील भिकनशेठनं खोटा सत्कार केला. माझी इज्जत हे त्याच्यात."

त्या दिवशी परतीच्या एसटीत, पिंपळगाव मागे पडल्यावर, उज्वलानं ठरवलं की आपण त्याला मदत करायची. खरीखुरी. घरी आल्यावर तिनं शाळेतून रजा घेतली. बाल्कनीतल्या कागदांवरची धूळ पुसली, त्यांचे गठ्ठे वर्षांप्रमाणे लावले, वर चिठ्ठ्या डकवल्या. आरोहीला सांगितलं, पप्पा सांगतील तसं टाइप करून द्यायचं. संतोषनं सगळं पाहिलं. गठ्ठ्यांवरून हात फिरवला. "छान लावलंस," म्हणाला. आणि संध्याकाळी चप्पल घालून फिरायला गेला. रोज जाऊ लागला. नोकरी होती तशीच होती, तुकडी होती तशीच विनाअनुदानित.

जूनचा शेवटचा दिवस सोमवारी आला. गाईडचा फोन आला होता, तो त्यानं उचलला नाही. संध्याकाळी विद्यापीठाचं ऑफिस बंद व्हायची वेळ झाली आणि गेली. उज्वला शाळेतून लवकर आली होती. ती रडली नाही. रडण्यासारखं काही घडलंच नव्हतं. नेहमीसारखा दिवस होता. तिनं चहा टाकला, दोन कप घेऊन बाल्कनीत आली आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसली. एवढ्या वर्षांत ती तिथं कधी बसली नव्हती. बसल्यावर कळलं, स्टूल एका बाजूला डुगडुगतं.

"अहो," ती म्हणाली, "त्या गावाचं पुढं काय झालं?"

"कुठल्या?"

"टाकीच्या. पाणी आलं का शेवटी?"

संतोषनं चष्मा कपाळावर चढवला नाही. त्यानं तिनंच लावलेल्या गठ्ठ्यांतला सगळ्यात खालचा काढला, एक कागद बघितला आणि परत ठेवला.

"पहिली काही वर्षं ठरावात आभार असायचे आणि खाली पाणी मागायचे," तो म्हणाला. "मग मागणं लहान होत गेलं. पंप नको, निदान पावसाचं पाणी साठायला टाकीची गळती बुजवा. मग निदान पाटी तरी काढा, पोरं चढतात आणि पडतात तिच्यावरून. नंतर नंतर खालचं सगळं गेलं. नुसते आभार. शेवटच्या ठरावात तर आभार सोडून एक ओळ नाही. सभा भरायची, आभार मानायचे, उठायचं."

"असं का करायचे ते?"

"मागितलं की आणखी काहीतरी भलतंच यायचं ना."

रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली, "काय डॉक्टर, मजेत?" संतोषनं हात वर केला.

उज्वलाला काहीतरी बोलायचं होतं. फोटो मी दिला, मान मी हलवली, हे त्याला ठाऊकच होतं. मग काय बोलायचं? टेबलफॅन गठ्ठ्यांवरच्या तिच्या चिठ्ठ्या फडफडवत होता. तिनं कप त्याच्याकडे सरकवला.

"घ्या, गार होतोय. साखर बरोबर आहे का सांगा. पाहिजे तर आणखी घालते."

"नको," संतोष म्हणाला. त्यानं कप दोन्ही हातांनी घेतला, पाहुणा घेतो तसा, आणि तिच्याकडे पाहून मान झुकवली. "आभारी आहे."